वसंताचा पंचनामा

वसंत ऋतू आला हे कोकिळेच्या कूजनावरून ओळखावे, असा दंडक संस्कृत कवींनी घालून दिलेला असला, तरी ज्या घरात प्राथमिक शाळेत जाणारे एखादे मूल नांदत असते, त्या घराला ही वर्दी कोकिळेच्या पुष्कळच आधी मिळते. फाल्गुनाच्या सुमारास तेथील फरशीवर मेणखडूंचे तुकडे पायाला टोचू लागतात, भिंतींच्या खालच्या भागावर पिवळे पंजे उमटतात, आणि टेबलावरचा तांबूस पेला कोकम सरबताचा समजून उचलावा तर त्यात ब्रश अंघोळ करीत असलेला आढळतो. फाल्गुनी पौर्णिमा ते चैत्री पौर्णिमा या एका महिन्यात होळी, धुळवड, रंगपंचमी, गुढीपाडवा, रामनवमी आणि हनुमान जयंती हे सण ओळीने हजर होत असल्यामुळे, आणि यांपैकी प्रत्येकाचे निदान एक तरी चित्र शाळेला, वसाहतीच्या मंडळाला किंवा गावच्या वाचनालयाला हवे असल्यामुळे, ड्रॉइंगच्या कागदांची खरी सुगी याच काळात होते. गंमत अशी, की वार्षिक परीक्षाही याच सुमारास येतात. म्हणजे ज्या ऋतूत मुलांना खिडकीबाहेर पाहण्याची सक्त मनाई असते, नेमके त्याच ऋतूचे चित्र त्यांच्याकडून मागितले जाते.

आमच्या वसाहतीत पाडव्यानिमित्त जी चित्रस्पर्धा भरते, तिचे परीक्षकपद बरीच वर्षे माझ्याकडे वहिवाटीने चालत आले आहे. मला चित्रकलेत गती आहे अशी कोणाचीही समजूत नाही. परंतु स्पर्धेत माझे मूल, नातवंड किंवा भाचरू नाही, ही एकच पात्रता इतकी दुर्मिळ आहे, की तिच्यापुढे इतर सर्व अपात्रता माफ करण्यात आल्या आहेत. पाच ते सात, आठ ते दहा, अकरा ते पंधरा आणि सर्व वयांसाठी 'खुला गट' अशा चार गटांतील कागदांचे गठ्ठे पाडव्याच्या सकाळी माझ्या पुढ्यात येऊन पडतात, आणि सायंकाळपर्यंत निकालपत्र सही-शिक्क्यानिशी मंडळाच्या चिटणिसांच्या स्वाधीन करावे लागते. इतक्या वर्षांच्या या बिनपगारी अंमलदारीतून चित्रकलेविषयी मला फारसे काही समजले असेल असे नाही, परंतु एक गोष्ट मात्र पक्की उमगली आहे: आपल्याकडे सणाचे चित्र हे डोळ्यांना दिसलेले दृश्य कधीच नसते, तो त्या सणाचा रीतसर केलेला पंचनामा असतो.

पाडव्याचेच पाहा. वेळूची काठी, काठीच्या टोकाला चुण्या घातलेला खण, त्यावर कडुनिंबाचा डहाळा, झेंडूचा हार, साखरेची गाठी, या सर्वांवर पालथा घातलेला तांब्या, खाली पाट, पाटाभोवती रांगोळी आणि दारावर आंब्याच्या पानांचे तोरण, ही जंत्री पाच वर्षांच्या मुलाच्या कागदावरही पूर्ण असते आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांच्या कागदावरही पूर्ण असते. गुढी वाकडी असली तर चालते, तांब्या भोपळ्याच्या आकाराचा झाला तर चालते, खण चादरीएवढा होऊन शेजारच्या घरावर पसरला तरीही कोणाची हरकत नसते. परंतु यादीतील एखादी बाब गहाळ झाली, की चित्रकाराचा जीव थाऱ्यावर राहत नाही. एका वर्षी कागद जमा करण्याची मुदत टळून गेल्यावर एक चिमुरडी धापा टाकीत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, माझ्या गुढीची गाठी राहिलीय. तेवढी काढून देऊ?" मुदत संपली असल्याचे मी तिला नियमाप्रमाणे निदर्शनास आणून दिले. त्यावर तिने मला विचारले, "मग गाठीशिवाय गुढी उभी करायची का?" या प्रश्नाला स्पर्धेच्या नियमावलीत तरतूद नसल्यामुळे मी तिला गुलाबी खडू देऊन मोकळा झालो. तिने गाठी काढली ती जमिनीपर्यंत लोंबणारी, कारण उशीर झाल्याची भरपाई म्हणून साखर थोडी जास्त पडलेली बरी, असा तिचा हिशेब असावा.

गुढी ज्या घरापुढे उभी असते ते घरही दप्तरात कायमचे नोंदलेले आहे. ते कौलारू असते, त्याला एक दार आणि दोन चौकोनी खिडक्या असतात, अंगणात तुळशीवृंदावन आणि कडेला नारळाचे झाड असते, आणि पाठीमागे दोन त्रिकोणी डोंगर असून त्यांच्या खिंडीतून सूर्य वर येत असतो. ही चित्रे काढणारी मुले सातव्या, नवव्या आणि अकराव्या मजल्यावर राहतात; त्यांच्या घरची गुढी बाल्कनीच्या गजांना सुतळीने आवळून बांधलेली असते, वरच्या मजल्यावरील धुण्याचे पाणी खणावर ठिबकू नये म्हणून तिच्यावर छत्री धरण्याची पाळी येते, आणि कौल ही वस्तू त्यांनी आजोळी गेल्यावर पाहिली तर पाहिली. तरी चित्रात इमारत म्हणून येत नाही. पूर्वेच्या डोंगरांआडून सूर्य उगवणे ही कोकणपट्टीपुरती खरी गोष्ट आहे, कारण तेथे सह्याद्री खरोखरच पूर्वेला आहे. परंतु सोलापूर-नागपूरकडील मुलेही सूर्याला तोच मार्ग आखून देतात, आणि सपाट मुलखात राहणाऱ्या मुलांचे दोन डोंगर पाहून आपल्या भूमापन खात्याने काय काम केले, असा प्रश्न पडतो. एका मुलाला मी विचारले, "तुमच्या इमारतीतली गुढी का नाही काढलीस?" तो माझ्या अज्ञानाची कीव करीत म्हणाला, "काका, ती खरी गुढी आहे. ही चित्रातली आहे."

आपल्या पूर्वजांनी चित्रकलेचे शास्त्र लिहून ठेवले आहे. कामसूत्रावरील आपल्या टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. या सहा कसोट्या लावून मी एकदा पाच ते सात या गटाचा निकाल लावण्याचा प्रयत्न केला. रूपभेद होता, आई आणि बाबा यांच्यातील भेद एका टिकलीने व एका मिशीने निःसंदिग्धपणे दाखविलेला होता. प्रमाणाच्या बाबतीत गुढी घराहून उंच, आणि चित्रकार स्वतः बाबांहून उंच होता. पण घरातील खरी सत्ता कोणाकडे असते याचा विचार करता तेही प्रमाणाबाहेर म्हणता येत नव्हते. भाव तर ओसंडून वाहत होता, कारण माणसे, गाय, सूर्य आणि एका ठिकाणी तर तांब्यासुद्धा हसत होता. लावण्य आणि सादृश्य यांचा मुद्दा मी पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवला. वर्णिकाभंगात मात्र मुलांचा हात धरणारा कोणी नाही, कारण रंगपेटीतील एकही कांडी ती अभंग राहू देत नाहीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात तर ऋतू कसे रंगवावेत याचेही मार्गदर्शन आहे. वसंत दाखवायचा झाल्यास फुललेले वृक्ष, भ्रमर, कोकिळ आणि हर्षित झालेले स्त्रीपुरुष दाखवावेत असा त्याचा आशय आहे. यावरून ऋतूचे चित्र यादीबरहुकूम काढण्याची आपली परंपरा पौराणिक काळाइतकी जुनी ठरते, आणि आमच्या वसाहतीतील मुलांना ती वारशाने मिळालेली आहे असे मानण्यास हरकत नाही.

होळीचे चित्र त्या मानाने सोपे असते. मधोमध लाकडांचा ढीग, त्यावर तांबड्या, नारिंगी आणि पिवळ्या अशा तीन रंगांच्या तीन ज्वाळा, आणि भोवती उघडे तोंड म्हणून एक वर्तुळ असलेली माणसे; ते वर्तुळ म्हणजे बोंब आहे हे ज्याला ठाऊक नसेल, त्याला ही सारी मंडळी गाण्याच्या क्लासला आली आहेत असे वाटेल. अडचण उभी राहते ती रंगपंचमीच्या चित्रात. फाल्गुन वद्य पंचमीला, ज्या दिवशी कोणाच्या अंगावर कोणता रंग किती पडावा याला कसलाही धरबंध नसतो, सदऱ्याची बाही हिरवी, कान जांभळा आणि नाक पिवळे होऊन माणूस घरी येतो व स्वतःच्या आईलाही चटकन ओळखू येत नाही, त्या दिवसाचे चित्र रंगविताना मुलाच्या पाठीशी उभे राहून वडीलधारी माणसे त्याला कोणता उपदेश करतात? "रंग रेषेच्या बाहेर जाऊ देऊ नकोस!" पिचकारीतून उडालेली निळी धार शेजारच्या मुलाच्या डोक्यावर पोहोचण्यापूर्वी आकाशात जरा पसरली, तर ती पुसण्यासाठी ताबडतोब खोडरबर पुढे केले जाते, आणि अखेर चित्रात जी रंगपंचमी उरते तीत प्रत्येकाने आपापल्या हद्दीत राहून, शेजाऱ्याच्या वहिवाटीला बाध न आणता, मोजका रंग खेळल्याचे दिसून येते. खरी रंगपंचमी अशा रीतीने खेळली गेली असती, तर पोलिसखात्याला त्या दिवशी सुट्टी देता आली असती.

या हद्दीच्या कायद्याचे खरे रखवालदार म्हणजे शाळेतील ड्रॉइंगचे मास्तर, असे समजण्याचा प्रघात आहे; पण त्यात त्यांच्यावर थोडा अन्याय होतो. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेपासून आपल्याकडे चित्रकलेचे सरकारी शिक्षण सुरू झाले, १९६५ मध्ये त्यासाठी राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय निघाले, आणि शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा हे खाते घेऊ लागले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन, अशा विषयांत उत्तीर्ण होऊन 'अ', 'ब' किंवा 'क' श्रेणी मिळवायची असते. यांतील स्मरणचित्र या विषयाने मराठी मध्यमवर्गाला जितका घाम फोडला आहे, तितका बीजगणितानेही फोडलेला नाही. कारण समोर वस्तू नाही, नमुना नाही, आणि 'सणाचा प्रसंग' किंवा 'बाजाराचे दृश्य' असल्या एका ओळीवरून माणसांनी गजबजलेला कागद दोन तासांत उभा करायचा. मास्तर बिचारे मुलांवर दया करून अनुभवसिद्ध तोडगे सांगतात: चेहरा जमत नसेल तर माणूस पाठमोरा काढावा, हाताची बोटे जमत नसतील तर हातात ताट द्यावे, पावले जमत नसतील तर पायांशी गवत उगवावे. या तोडग्यांचा परिणाम असा झाला आहे, की इंटरमीजिएटच्या चित्रांतील सारा महाराष्ट्र प्रेक्षकाकडे पाठ करून, हातांत ताटे घेऊन, घोटाभर गवतात गुढीपूजनाला उभा आहे.

रंगांच्या बाबतीतही आपला कारभार ठरलेल्या चाकोरीतून चालतो. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्याला प्रारंभ केला आणि पुढे त्यांच्या उंट छाप रंगांच्या पेट्या घराघरांत शिरल्या. वाळवंटातील ज्या प्राण्याचा आपल्या वसंताशी काडीइतकाही संबंध नाही, त्याच्या आशीर्वादाने कित्येक पिढ्यांनी पळस, झेंडू आणि कडुनिंब रंगविले. अशी कोणतीही पेटी वर्षअखेरीस उघडून पाहिली, तर पांढरी कांडी नवी कोरी, काळी कांडी निम्मी, आणि पिवळी कांडी बेपत्ता असते. पांढऱ्या कागदावर पांढरा रंग देण्याचे प्रयोजन मुलांना पटत नाही, आणि तरीही पेटीवाले तिला वगळत नाहीत. सरकारी कचेरीतही अशी एक-दोन पदे असतात, हे लक्षात घेता त्यांना दोष देता येत नाही. सर्वांत विलक्षण वर्तन असते ते फिकट गुलाबी कांडीचे. अमेरिकेत १९०३ साली आठ रंगांच्या पेटीनिशी निघालेल्या क्रेयोला खडूंच्या कंपनीने आपल्या अशाच एका रंगाचे, अंगकांतीवरून ठेवलेले नाव १९६२ मध्ये बदलून त्याला पीच या फळाचे नाव दिले, कारण सगळ्या माणसांचे अंग त्या रंगाचे नसते हे तिच्या ध्यानी आले होते. आमच्या वसाहतीत ही बातमी अजून पोहोचलेली नाही. गव्हाळ, सावळी आणि उन्हाने रापलेली मुले त्या कांडीला आजही 'स्किन कलर' म्हणतात आणि नऊवारी नेसलेल्या आजीपासून हलगी वाजविणाऱ्या गड्यापर्यंत सर्वांना ती इतक्या निष्ठेने फासतात, की पाडव्याची शोभायात्रा लंडनच्या रस्त्यातून चालली आहे असा भास व्हावा.

परंतु या सर्वांहून मला अधिक विचार करायला लावते ते खुल्या गटाचे दप्तर. सर्व वयांना मोकळीक म्हटल्यावर तेथे आया येतात, त्यांच्या सासवा येतात, आणि अलीकडे निवृत्त पुरुषही मोठ्या संख्येने येतात. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड या चित्रकर्तीचे 'सीक्रेट गार्डन' हे मोठ्यांसाठी रंगवायच्या चित्रांचे पुस्तक २०१३ साली निघाले. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि छापील रेषांमध्ये रंग भरल्याने मन शांत होते, असा समज जगभर पसरला. तो आमच्याकडे आला तेव्हा त्याला मुळीच परकेपणा वाटला नाही. ज्यांनी हयातभर छापील नमुन्यांतील रकाने भरले, त्यांना निवृत्तीनंतर छापील नमुन्यांतील पाकळ्या भरायला मिळाल्या, एवढाच काय तो फरक! महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ दरवर्षी छापील गुढी रंगवून देतात. प्रथम ते संपूर्ण चित्राची पाहणी करतात, मग प्रत्येक रेषेच्या आतून पेन्सिलीने बारीक सीमारेषा आखतात, मग खणाचा काठ, पदर आणि पोत यांसाठी रंगांच्या तीन छटांची तजवीज करतात, आणि काम पुरे झाल्यावर मागील बाजूस तारीख घालून सही करतात. त्यांचा रंग रेषेबाहेर गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या शेजारी बसून त्यांची नात स्वतःचे चित्र रंगवीत होती, तेव्हाचा त्यांचा संवाद मी ऐकलेला आहे.

"अगं, झाडाचं पान तांबडं काढलंस? पान हिरवं असतं."

"आजोबा, आपल्या खालच्या पिंपळाची तांबडीच आहेत."

"ती तशी दिसतात. असतात हिरवीच."

असा निवाडा झाल्यावर अपील उरले नाही. नातीने तांबड्यावर हिरवा रंग चढविला, त्याचा चिखल झाला, आणि पिंपळाखाली ऐन चैत्रात पावसाळा सुरू झाला.

मोठ्या माणसांची दुसरी तऱ्हा अधिक धूर्त असते. आठ ते दहा या गटात कधीकधी असा एखादा कागद येतो, की त्यावरील पैठणीच्या पदरातील मोर नीट मोजून घ्यावेत, समईच्या ज्योतीभोवती प्रभा असावी, आणि खणाच्या चुणीत सावली पडलेली असावी. खाली नाव मात्र तिसरीतल्या मुलाचे, आणि तेही स्पष्टपणे त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. अशा चित्राच्या बाबतीत मी मुलाला बोलावून काही विचारीत नाही, कारण त्याला शपथेवर खोटे बोलायला लावणे पाप आहे, मी फक्त त्याच्या आईला खुल्या गटात नाव देण्याची नम्र सूचना करतो, आणि ती दरवेळी "मला कुठं येतं हो काही!" म्हणून विनयाने नाकारते. मुलाच्या नावावर माता चित्र काढते आणि मातेच्या चित्रावर मूल बक्षीस मिळविते, ही बेनामी व्यवहारांची परंपरा कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येण्यासारखी नाही.

आता, सणाचे चित्र म्हणजे पंचनामा, असे मी वर म्हटले तेव्हा त्यात कल्पनाशक्तीचा अभाव आहे असा तक्रारीचा सूर कोणाला ऐकू आला असेल, तर मला चैत्रांगणाचा दाखला दिला पाहिजे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर माहेरी येते आणि वैशाखातील अक्षय्य तृतीयेपर्यंत मुक्काम करते. त्या महिनाभर सडासारवण करून अंगणात, तुळशीपुढे, जी रांगोळी घालतात ती चैत्रांगण. तीत मखरात किंवा पाळण्यात बसलेली गौर असते, सूर्य-चंद्र असतात, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, ज्ञानकमळ, तुळशीवृंदावन, नाग, कासव, हत्ती, अंबारी असते, आणि त्यांच्याच पंक्तीला फणी, आरसा आणि हळदकुंकवाचा करंडा असतो. या चिन्हांची संख्या कोणी एक्कावन्न सांगतात, कोणी चौसष्ट सांगतात. ती मोजीत बसण्यापेक्षा ती काढून मोकळे होणे आजीला नेहमीच सोपे वाटत आलेले आहे. देशावर शिरगोळ्याची पूड आणि कोकणात भाताचे तूस जाळून केलेली रांगोळी, एवढेच तिचे साहित्य. चिमटीतून सुटलेली रेषा खोडरबराने पुसता येत नाही, आणि रंग म्हणून वर हळद-कुंकू टाकले की तो कोठे सांडला याची चौकशी कोणी करीत नाही.

ही देखील यादीच आहे, आणि पाडव्याच्या चित्राहून कितीतरी लांबलचक आहे. परंतु तिच्यातील फणी-आरशाकडे पाहिले म्हणजे ही यादी कोणी आणि कशासाठी केली हे ध्यानात येते. महिनाभर माहेरपणाला आलेल्या लेकीला काय काय लागेल, याचा विचार करून कोणा अज्ञात आईने ही मांडणी केलेली आहे. तिला न्हायला-विंचरायला फणी हवी, कुंकू लावायला आरसा हवा, हिंडायला अंबारी हवी, झोके घ्यायला पाळणा हवा, आणि दारात सूर्य-चंद्र तर हवेतच. आंब्याची डाळ, पन्हे आणि ओटीत भिजवलेले हरभरे घेऊन परत जाणाऱ्या बायका ते अंगण पाहत, पण त्याला क्रमांक देत नसत. चार वर्षांची पोर आजीच्या शेजारी बसून गोपद्मे काढी, आणि तिची गाय तीन खुरांची झाली तर आजी म्हणे, "असू दे, लंगडत येईल." दुसऱ्या दिवशी सकाळी सडा पडला, की सारे चित्र पुसून जाई आणि तेच पुन्हा काढावे लागे, त्यामुळे कालच्या चुकीची मिसल कोणाच्या दप्तरी राहत नसे. आता अंगणे राहिली नाहीत, चैत्रांगणाचे तयार छापे आणि चिकटवायचे कागद बाजारात मिळतात, आणि तेही हद्दीबाहेर जात नाहीत.

तेव्हा माझा आक्षेप यादीला नाही. सण म्हटला की यादी आलीच. वर्षाच्या पहिल्या दिवशी काठी, खण, कडुनिंब, गाठी आणि तांब्या हे सगळे घरात आहेत ना, हे तपासून पाहण्यात सणाचा अर्धा आनंद आहे, आणि गाठी राहिली म्हणून धावत आलेल्या त्या मुलीला तो आनंद कोणत्याही कलासमीक्षकापेक्षा अधिक कळलेला होता. आक्षेप आहे तो पंचांनी जागेवर न जाता पंचनामा करण्याला. महाराष्ट्रातील वसंत हा मुळात हिरवा ऋतूच नाही. फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते. पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवरच तांबड्या होतात. कोशिंबाची नवी पालवी रक्तासारखी लाल येते. आणि पिंपळ जुनी पाने झाडून टाकून ऐन पाडव्याच्या आगेमागे जो उजळतो, तो तांबूस-गुलाबी, तांब्याच्या झिलईचा. डोंगर त्या दिवसांत करडे असतात, गवत पिवळे पडून वाळलेले असते, आकाश धुळीने पांढुरके असते आणि नदी असलीच तर वाळूची असते. म्हणजे ज्या पांढऱ्या कांडीला वर्षभर काम नाही, तिला या एकाच ऋतूत आकाश, ऊन आणि नदीचे पात्र अशी तीन खाती सांभाळता आली असती. परंतु हिरवी कांडी तिच्या वाटेत आडवी पडते.

म्हणून यंदा मंडळाच्या चिटणिसांकडे मी काही दुरुस्त्या लेखी पाठविल्या आहेत. खुल्या गटातील स्पर्धकांना छापील रेषा देऊ नयेत, त्याऐवजी शेजारी बसायला सहा वर्षांचे एक मूल द्यावे. रंगपंचमीच्या चित्रात रंग रेषेबाहेर न गेल्यास दोन गुण कापावेत. पांढऱ्या कांडीचा अर्थपूर्ण उपयोग करणाऱ्यास विशेष पारितोषिक असावे. आणि बक्षीस कोणालाही मिळो, साखरेची गाठी सगळ्यांना मिळावी. चिटणीस म्हणतात, की या सूचना कार्यकारिणीपुढे ठेवाव्या लागतील, कार्यकारिणीची बैठक पाडव्यानंतर आहे, आणि तोवर जुन्याच नियमांचा अंमल राहील. तो राहो. परंतु कागदावरचे पान तांबडे दिसले म्हणून गुण कापण्यापूर्वी परीक्षकाने जिना उतरून एकदा खाली जावे, पिंपळाची समक्ष पाहणी करावी, आणि झाड चुकले आहे अशी त्याची खात्री पटली तरच लेखणी उचलावी, एवढी तरतूद करण्यास कोणत्याही कार्यकारिणीच्या मंजुरीची गरज नाही. ती मी माझ्या अधिकारात करून टाकली आहे.